नव्याचे सतरा आठवडे

८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियातल्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात अमेरिकेतल्या नऊ व्यावसायिक फुटबॉल संघांचे चालक जमले होते. फळ्यावर महाविद्यालयीन खेळाडूंची नव्वद नावे लिहिलेली होती. आदल्या मोसमात तळाला राहिलेल्या संघाने पहिले नाव उचलायचे, त्याच्या वरच्याने दुसरे, आणि विजेत्याने सर्वांत शेवटी, अशी ही पद्धत फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांनी सुचवली होती. तळाला राहिलेला संघ त्यांचाच होता. त्यांनी पहिले नाव उचलले ते शिकागो विद्यापीठाच्या जे बर्वँगरचे. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट महाविद्यालयीन खेळाडू म्हणून त्याचा गौरव झाला होता. ईगल्सने त्याचे हक्क शिकागो बेअर्सकडे दिले, तिथे पगाराची बोलणी जमली नाहीत, आणि बर्वँगर व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना न खेळता वेगळ्या व्यवसायात गेला.

नवख्या खेळाडूंच्या निवडीचा इतिहास असा सुरू होतो. पहिली निवड, सर्वांना मान्य असलेली निवड, आणि हाती शून्य. आज या निवडीला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. बत्तीस संघ, सात फेऱ्या आणि कोट्यवधी प्रेक्षक असा तिचा व्याप झाला आहे. मात्र प्रस्तुत लेखाचा विषय ती निवड नाही. तिच्या सावलीत दर वर्षी ऑगस्ट महिन्यात दुसरी एक निवड होते. ती हॉटेलात होत नाही. घरांच्या दिवाणखान्यांत, कार्यालयांत आणि मोबाइलच्या पडद्यांवर होते. तिथे कारकून, डॉक्टर, शिक्षक, संगणक अभियंते स्वतःचे काल्पनिक संघ उभे करतात. न्यू जर्सीत किंवा बे एरियात नोकरी करणाऱ्या मराठी तरुणांना हा प्रकार कार्यालयातल्या सहकाऱ्यांमुळे चांगला ठाऊक असतो. त्याचे नाव फँटसी फुटबॉल.

या खेळात सर्वांत अवघड प्रश्न नवख्यांचाच असतो. ज्याने मोठ्या मैदानावर अजून एकही सामना खेळलेला नाही, त्याची किंमत किती लावायची? मराठीत या प्रश्नाला दोन तयार उत्तरे आहेत. एक म्हण सांगते, मुलाचे पाय पाळण्यात दिसतात. दुसरी सांगते, नव्याचे नऊ दिवस. दोन्ही खऱ्या आहेत, पण एकाच वेळी नाहीत. कोणती कुठे लागू पडते हे ठरवणे म्हणजेच नवख्यांची निवड.

खेळावर रचलेला खेळ

फँटसी फुटबॉलचा जन्म १९६२ सालचा. ओकलंड रेडर्स या संघाचे एक भागीदार बिल विंकेनबाख संघाबरोबर पूर्व किनाऱ्याच्या दौऱ्यावर होते. न्यूयॉर्कच्या हॉटेलात त्यांनी संघाचे जनसंपर्क अधिकारी बिल टनेल आणि ‘ओकलंड ट्रिब्यून’चे वार्ताहर स्कॉटी स्टर्लिंग यांच्यासोबत बसून या खेळाचे नियम तयार केले. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये विंकेनबाख यांच्या घरी आठ संघांची पहिली निवड झाली आणि पहिले नाव पुकारले गेले ते जॉर्ज ब्लांडा या अनुभवी खेळाडूचे. खेळाच्या जन्मदात्यांनी पहिला हात टाकला तो पाहिलेल्या, पारखलेल्या माणसावर.

नियम थोडक्यात असे. दहा-बारा जण एक मंडळ करतात. प्रत्येक जण आळीपाळीने खऱ्या खेळाडूंची नावे घेतो. एकाने घेतलेले नाव दुसऱ्याला मिळत नाही. बारा जणांच्या मंडळात पंधरा फेऱ्या झाल्या की १८० खेळाडू वाटले जातात. अन्याय होऊ नये म्हणून क्रम सापासारखा वळतो: पहिल्या फेरीत पहिला असलेला दुसऱ्या फेरीत शेवटचा. म्हणजे त्याला पहिले नाव मिळते आणि त्यानंतर थेट चोविसावे व पंचविसावे. पुढे दर आठवड्याला खऱ्या सामन्यांत या खेळाडूंनी जे केले त्याचे गुण मालकाच्या खात्यात जमा होतात. चेंडू घेऊन धावताना किंवा झेल घेऊन मिळवलेल्या दर १० यार्डांना १ गुण, टचडाऊनला ६, आणि बऱ्याच मंडळांत प्रत्येक झेलाला आणखी १. चेंडू फेकणाऱ्याला मात्र २५ यार्डांमागे १ गुण आणि टचडाऊनला सहसा ४.

एक उदाहरण घेऊ. सिनसिनाटी बेंगल्सचा जमार चेस २०२१ साली नवखा होता. त्याने ८१ झेल घेतले, १,४५५ यार्ड मिळवले आणि १३ टचडाऊन केले. झेलांचे ८१, यार्डांचे १४५.५ आणि टचडाऊनचे ७८, असे झेलांच्या खात्यावर ३०४.५ गुण झाले. खेळाडूचा अख्खा मोसम, त्याच्या धडका, दुखणी, चुकलेले झेल, प्रशिक्षकाची बोलणी, हे सगळे एका बेरजेत मावते. खेळाची मोहिनी इथेच आहे आणि त्याचा दोषही इथेच.

आपल्याकडच्या वाचकांना ‘ड्रीम इलेव्हन’सारखे क्रिकेटचे खेळ आठवतील, पण फरक महत्त्वाचा आहे. तिथे एकच फलंदाज लाखो जणांच्या संघात असू शकतो. अमेरिकन मंडळात एक खेळाडू एकाच मालकाचा. म्हणून तिथे ‘हा चांगला आहे का’ एवढे विचारून भागत नाही. ‘याला घेण्यासाठी मी कोणाला सोडतो आहे’ हा खरा प्रश्न. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, हे शहाणपण या खेळात प्रत्येक फेरीला कसाला लागते.

किंमत कशी ठरते

नवख्याबद्दल ऑगस्टमध्ये तीनच गोष्टी ठाऊक असतात: महाविद्यालयात त्याने काय केले, खऱ्या ड्राफ्टमध्ये त्याला कितव्या क्रमांकावर उचलले, आणि ज्या संघात तो गेला तिथे त्याच्यासाठी जागा मोकळी आहे का.

यांतली पहिली गोष्ट सर्वांत भुरळ घालणारी. महाविद्यालयातले झेल आणि धावा चित्रफितींत पाहायला मिळतात. पण तिथल्या प्रतिस्पर्ध्यांपैकी बहुतेक जण पुढे व्यावसायिक फुटबॉल खेळणारच नसतात. त्यामुळे जाणकार नुसत्या आकड्यांऐवजी वय पाहतात. एनएफएलमध्ये येण्यासाठी शालेय शिक्षण संपून तीन वर्षे व्हावी लागतात, म्हणून नवखे साधारण एकवीस ते तेवीस वर्षांचे असतात. एकोणिसाव्या वर्षी मोठ्यांमध्ये उठून दिसलेला मुलगा आणि तेविसाव्या वर्षी लहानांमध्ये उठून दिसलेला मुलगा, या दोघांचे आकडे सारखे असले तरी अर्थ सारखा नसतो.

दुसरी गोष्ट, निवडीचा क्रमांक. यावर गंभीर संशोधन झाले आहे. केड मॅसी आणि पुढे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले रिचर्ड थेलर यांनी या ड्राफ्टचा अभ्यास करून ‘द लूझर्स कर्स’ हा निबंध लिहिला. तो २०१३ साली ‘मॅनेजमेंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एकाच जागेवर खेळणारे, लागोपाठ निवडलेले दोन खेळाडू घेतले, तर आधी निवडलेला नंतरच्यापेक्षा सरस ठरण्याची शक्यता त्यांना साधारण ५२ टक्के आढळली. म्हणजे नाणेफेकीपेक्षा किंचित बरी. तरीही संघ चार-पाच क्रमांक वर सरकण्यासाठी भलीमोठी किंमत मोजतात.

असे का व्हावे? लेखकांनी दिलेल्या कारणांपैकी एक जुने आहे. १९७१ साली केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तीन अभियंत्यांनी समुद्रातल्या तेलपट्ट्यांच्या लिलावांबद्दल दाखवून दिले होते, की बोली जिंकतो तो बहुधा तेलाचा अंदाज सर्वांत जास्त चढा बांधणारा. त्यामुळे जिंकणाराच तोट्यात जातो. बारा मालकांच्या मंडळात नवख्याचे हेच होते. अकरा जणांनी त्याला सहाव्या फेरीचा मानला आणि एकाने चौथ्या, तर तो त्या एकाच्याच पदरात पडतो. अनुभवी खेळाडूबाबत अंदाजांत फार तफावत नसते, म्हणून हा शाप सौम्य असतो. नवख्याबाबत माहिती कमी, तफावत मोठी, आणि शापही मोठा.

२०२० सालच्या ड्राफ्टमध्ये ईगल्सने २१ व्या क्रमांकावर जेलन रेगर या वाइड रिसीव्हरला घेतले, म्हणजे दूरवर धावत जाऊन फेकलेला चेंडू झेलणाऱ्याला. लगेच २२ व्या क्रमांकावर मिनेसोटा व्हायकिंग्जने जस्टिन जेफरसनला घेतले. पहिल्या मोसमात रेगरने ३१ झेलांत ३९६ यार्ड मिळवले, जेफरसनने ८८ झेलांत १,४००. एका क्रमांकाचे अंतर किती पोकळ असू शकते ते यातून दिसते.

पण यावरून क्रमांक निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे. शेजारच्या दोन क्रमांकांत फरक नसला, तरी दहाव्या आणि दीडशेव्या क्रमांकांत नक्कीच असतो. त्यात एक व्यवहाराची गोष्टही आहे. ज्याच्यावर संघाने मोठी गुंतवणूक केली त्याला अपयशानंतरही पुन्हा संधी मिळते. पाचव्या फेरीतल्या मुलाच्या हातून दोन चेंडू सुटले की तो बाकावर जातो. क्रमांक गुणवत्ता किती सांगतो याबद्दल वाद होऊ शकतो. संधी किती मिळेल हे मात्र तो बऱ्यापैकी सांगतो.

आणि फँटसीत संधी हेच भांडवल आहे. तिसऱ्या गोष्टीचे महत्त्व इथे. २०२३ साली लॉस एंजेलिस रॅम्सने पाचव्या फेरीत, १७७ व्या क्रमांकावर पुका नाकुआला घेतले. संघाचा मुख्य झेलवीर कूपर कप मांडीच्या स्नायूच्या दुखापतीमुळे मोसमाच्या आरंभी मैदानाबाहेर होता. ती जागा नाकुआला मिळाली. पहिल्या सामन्यात १० झेल, दुसऱ्यात १५, आणि मोसमाअखेर १०५ झेल व १,४८६ यार्ड. यार्डांचा नवख्यांचा विक्रम १९६० पासून बिल ग्रोमनच्या नावावर होता, तो मोडला. कितीतरी मंडळांत निवडीच्या दिवशी नाकुआचे नाव कोणी घेतलेच नव्हते. पहिल्या आठवड्यानंतर त्याला पकडायला झुंबड उडाली.

अशी उदाहरणे लक्षात राहतात आणि तिथेच फसगत होते. पाचव्या फेरीत निवडले गेलेले आणि कोणाच्याही आठवणीत न उरलेले झेलवीर दर वर्षी असतात. नाकुआची गोष्ट ‘असे होऊ शकते’ एवढेच सांगते. ‘असे बहुधा होते’ हे ती सांगत नाही.

जागा आणि शिकाऊपणा

सगळे नवखे सारखे नवखे नसतात. कोणत्या जागेवर खेळायचे त्यावर शिकाऊपणाचा काळ ठरतो.

रनिंग बॅक, म्हणजे चेंडू पोटाशी धरून गर्दीतून वाट काढणारा खेळाडू, सर्वांत लवकर तयार होतो. फट दिसली की घुसायचे, हे कौशल्य बरेचसे अंगभूत असते आणि पाय ताजे असताना ते सर्वांत धारदार असते. एझिकिएल एलियटने २०१६ साली पहिल्याच मोसमात १,६३१ यार्ड धावून काढले. सेकॉन बार्कलीने २०१८ मध्ये धावून आणि झेलून मिळून २,०२८ यार्ड मिळवले. कॅन्सस सिटीच्या करीम हंटची गोष्ट आणखी बोलकी. २०१७ च्या मोसमाआधी स्पेन्सर वेअर जखमी झाला आणि तिसऱ्या फेरीत आलेल्या हंटकडे जागा आली. पदार्पणात हातात आलेला पहिलाच चेंडू त्याच्याकडून निसटला. त्याच सामन्यात त्याने पुढे २४६ यार्ड आणि तीन टचडाऊन मिळवले, आणि मोसमाअखेर धावण्यात तो अख्ख्या लीगमध्ये पहिला आला.

वाइड रिसीव्हरला तिसऱ्या वर्षी सूर सापडतो, असे पूर्वी मानत. रँडी मॉसने १९९८ साली पहिल्याच मोसमात १७ टचडाऊन करूनही तो अपवाद मानला गेला. आता महाविद्यालयांतही चेंडू फेकण्यावर भर वाढला आहे, मुले अधिक तयार होऊन येतात, आणि तो समज मागे पडला. तरीही अफवांचा जोर ओसरलेला नाही. २०२१ च्या सराव सामन्यांत जमार चेसच्या हातून चेंडू सुटू लागले. तो आदला मोसम महामारीमुळे खेळला नव्हता. महाविद्यालयीन चेंडूवर पांढरे पट्टे असतात, एनएफएलच्या चेंडूवर नसतात, त्यामुळे चेंडू नीट दिसत नाही, असे तो म्हणाला. त्याचे हसे झाले, आणि फँटसीच्या निवडीत त्याचा भाव उतरला. पहिल्या खऱ्या सामन्यात त्याने १०१ यार्ड आणि एक टचडाऊन मिळवले. ज्यांनी सराव सामन्यांपेक्षा महाविद्यालयातल्या पूर्ण मोसमाला जास्त वजन दिले, त्यांना तो स्वस्तात मिळाला.

टाइट एंड हा अर्धा पैलवान, अर्धा झेलवीर. त्याला प्रतिस्पर्धी अडवायलाही शिकावे लागते आणि झेलायलाही, म्हणून तो उशिरा पिकतो. या जागेवरचा नवख्याचा १,०७६ यार्डांचा विक्रम माइक डिटका यांनी १९६१ साली केला. तो तब्बल ६३ वर्षे टिकला आणि २०२४ मध्ये ब्रॉक बावर्सने १,१९४ यार्ड करून मोडला. मधल्या काळातली दोन नावे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. काइल पिट्सने २०२१ मध्ये ६८ झेलांत १,०२६ यार्ड मिळवले, पण टचडाऊन एकच. सॅम लापोर्टाने २०२३ मध्ये ८६ झेलांत ८८९ यार्ड मिळवले, टचडाऊन १०. यार्ड पिट्सचे जास्त, पण गुण पिट्सचे १७६.६ आणि लापोर्टाचे २३४.९. टचडाऊन मिळणे खेळाडूइतकेच संघावर अवलंबून असते. संघ चेंडू सीमारेषेजवळ किती वेळा नेतो आणि नेल्यावर तो कोणाकडे फेकतो, हे नवख्याच्या हातात नसते.

क्वार्टरबॅक म्हणजे संघाचा सूत्रधार. त्याचे शिक्षण सर्वांत लांब. पेटन मॅनिंगसारख्या थोर खेळाडूने १९९८ च्या पहिल्या मोसमात २८ वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती दिला. पण फँटसीचे गणित इथे वेगळी वाट काढते. फेकलेल्या २५ यार्डांना जो गुण, तोच धावलेल्या १० यार्डांना. म्हणून धावणारा नवखा सूत्रधार कच्चा असूनही उपयोगी पडतो. कॅम न्यूटनने २०११ साली १७ वेळा चेंडू गमावला, पण धावून १४ टचडाऊन केले. २०२४ मध्ये जेडन डॅनिएल्स ८९१ यार्ड धावला. डोके शिकत असते तोवर पाय कमावून देतात.

एकाच वर्षीचे दोघे

किंमत आणि मूल्य यांतला फरक समजून घ्यायला २०२० सालचे दोन रनिंग बॅक पुरेसे आहेत. क्लाइड एडवर्ड्स-हेलेअर पहिल्या फेरीच्या शेवटच्या, ३२ व्या क्रमांकावर कॅन्सस सिटीकडे गेला. हा विजेता संघ, सूत्रधार पॅट्रिक महोम्स. त्यातच त्या जागेवरच्या डेमियन विल्यम्सने महामारीमुळे मोसमातून माघार घेतली. वाट पूर्ण मोकळी झाली आणि फँटसीच्या मंडळांत त्याचे नाव थेट पहिल्या फेरीत जाऊ लागले. जोनाथन टेलर ४१ व्या क्रमांकावर इंडियानापोलिसकडे गेला. तिथे मार्लन मॅक आधीपासून होता, म्हणून टेलर मागे राहिला.

पहिल्या सामन्यात एडवर्ड्स-हेलेअर १३८ यार्ड धावला. पाळण्यातले पाय दिसले, असे सर्वांना वाटले. त्याच आठवड्यात मॅकच्या टाचेची शीर तुटली आणि टेलरला जागा मिळाली. ऑक्टोबरमध्ये कॅन्सस सिटीने लेव्हियन बेल या अनुभवी खेळाडूला आणले. मोसमाअखेर एडवर्ड्स-हेलेअरचे धावून ८०३ यार्ड आणि ४ टचडाऊन, टेलरचे १,१६९ यार्ड आणि ११ टचडाऊन. मोकळी वाट पुन्हा अडवली जाऊ शकते आणि अडलेली एका क्षणात मोकळी होऊ शकते, हे ऑगस्टमध्ये कोणालाच दिसत नाही. म्हणून दोन नवख्यांत निवड करायची झाली, तर अनेक जुने मालक आजच्या मोकळ्या वाटेपेक्षा खेळाडूच्या अंगच्या गुणांना झुकते माप देतात. परिस्थिती बदलते. गुण सहसा बदलत नाहीत.

शेवटचा विनोद नियतीचा. टेलरचा सर्वांत मोठा दिवस म्हणजे मोसमाचा शेवटचा सामना: २५३ यार्ड. बहुसंख्य मंडळांचे अंतिम सामने त्याच्या आदल्या आठवड्यातच संपले होते. तो पराक्रम कोणाच्या फारसा कामी आला नाही.

उत्तरार्धाची वाट

नवख्यांच्या मोसमाला एक ठरावीक चढ असतो. सुरुवातीला प्रशिक्षक जपून वापरतात, डावपेचांची जाडजूड वही पाठ होत नसते, जुना खेळाडू जागा सोडत नसतो. साधारण मध्यावर हे बदलते. जेफरसनने पहिल्या दोन सामन्यांत २६ आणि ४४ यार्ड मिळवले, तिसऱ्यात १७५. दोन आठवड्यांत धीर सुटलेल्या मालकाने त्याला सोडून दिले असेल, तर पुढचा सगळा मोसम त्याने दुसऱ्याच्या खात्यात पाहिला. डेट्रॉइटचा अमॉन-रा सेंट ब्राउन हे याहून स्पष्ट उदाहरण. २०२१ साली पहिल्या ११ सामन्यांत त्याचे ३९ झेल, ३५२ यार्ड, झेलून टचडाऊन एकही नाही. शेवटच्या सहा सामन्यांत ५१ झेल, ५६० यार्ड, ५ टचडाऊन. केवळ झेलांचे गुण मोजले तर पहिल्या अकरांत ७४.२, शेवटच्या सहांत १३७.

यावरून निवडीचा एक साधा नियम निघतो. नवख्याला पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत घ्यायचे असेल, तर तो पहिल्या दिवसापासून खेळणार याची जवळपास खात्री हवी. ती नसेल तर त्याची खरी जागा नवव्या फेरीनंतर. तिथे समोर पर्याय कोण असतात? अनुभवी, पण साधारण खेळाडू. ते काय देणार हे ठाऊक असते आणि ते फारसे काही देणार नाहीत हेही. नवखा फसला तर बाकावरची एक जागा वाया जाते; जमला तर अंतिम सामना जिंकून देतो. तोटा मर्यादित, लाभ अमर्याद. पण पंधरांतल्या दोन-तीन जागाच अशा वाट पाहण्यासाठी ठेवता येतात. सगळा संघ आशेवर उभा केला, तर उत्तरार्ध येईपर्यंत मंडळातले स्थान गेलेले असते.

हा अंक वाचकांच्या हाती पडतो तो काळ नेमका याच वळणाचा. दिवाळीच्या सुमारास एनएफएलचा मोसम मध्यावर असतो. निवडीच्या दिवशी ज्यांच्यावर उड्या पडल्या त्यांतले काही नवखे आता सोडून दिले जात असतात, आणि जाणते मालक नेमके तेच उचलत असतात.

चेहरा नसलेला खेळाडू

काही मंडळांत संघ दर वर्षी मोडत नाहीत. घेतलेला खेळाडू वर्षानुवर्षे आपलाच राहतो. अशा मंडळांना ‘डायनॅस्टी’ म्हणतात. तिथे दर वर्षी फक्त नवख्यांची निवड होते, तीही खऱ्या ड्राफ्टप्रमाणे तळाच्याला पहिली संधी देऊन. मग बर्ट बेल यांच्या काळापासूनचा पेच तिथेही येतो: मुद्दाम हरण्यात फायदा. त्यावर मंडळे नाना नियम करतात.

या मंडळांत पुढच्या वर्षीचे, त्याच्या पुढच्या वर्षीचेही निवडीचे हक्क विकले जातात. म्हणजे कोणाची निवड होणार हे ठाऊक नसताना फक्त ‘पहिल्या फेरीचा हक्क’ हातोहात फिरतो. जुने खेळाडू सांगतात, की हा हक्क वापरण्याच्या आदल्या दिवशी सर्वांत महाग असतो. कारण उघड आहे. हक्काला चेहरा नसतो, म्हणून दोषही नसतात. तो जखमी होत नाही, त्याच्या हातून चेंडू सुटत नाही. नाव पुकारले की तो माणूस होतो, आणि माणसाची किंमत घसरू लागते. आशेचा बाजार कसा चालतो हे समजायला याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण.

आकड्यामागचा माणूस

पैसे लावून खेळला जाणारा हा खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा प्रश्न न्यायालयांपुढेही आला. अमेरिकेच्या २००६ च्या ऑनलाइन जुगारविरोधी कायद्याने फँटसी खेळांना काही अटींवर वगळले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ साली ‘ड्रीम इलेव्हन’ला कौशल्याचा खेळ मानले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मात्र आपल्या संसदेने, कौशल्य असो वा नशीब, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. नवख्यांचा हिशेब पाहिला तर दोन्ही बाजू समजतात. एका निवडीत कौशल्य जवळजवळ दिसत नाही. ५२ टक्के म्हणजे नाणेच. ते दिसते अनेक वर्षांच्या, अनेक निवडींच्या बेरजेत. एका रात्रीत पैसे लावणाऱ्याला ती बेरीज कधीच मिळत नाही.

दुसरा प्रश्न खेळाडूचा आहे. २०१० साली ड्राफ्टमधल्या पहिल्या खेळाडूला, सॅम ब्रॅडफर्डला, सहा वर्षांसाठी ७.८ कोटी डॉलरचा करार मिळाला होता. २०११ च्या नव्या वेतनकरारानंतर पहिल्या आलेल्या कॅम न्यूटनला चार वर्षांसाठी सुमारे २.२ कोटी. तेव्हापासून नवख्यांचे वेतन क्रमांकानुसार बांधलेले आहे आणि पहिली तीन वर्षे त्यावर फेरबोलणी करता येत नाहीत. रनिंग बॅकच्या बाबतीत हे निष्ठुर ठरते, कारण त्याची सर्वोत्तम वर्षे तीच असतात. टेलरने २०२१ मध्ये १,८११ यार्ड धावून लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला, तो नवख्याच्या करारावरच. २०२३ मध्ये नव्या करारासाठी त्याला संघाशी झगडावे लागले. एडवर्ड्स-हेलेअरच्या कराराचे पाचवे वर्ष त्याच्या संघाने नाकारले. डायनॅस्टी मंडळांत सत्तावीस वर्षांचा रनिंग बॅक ‘म्हातारा’ म्हणून विकायला काढतात. खरे संघही तेच करतात. काल्पनिक खेळाने ही दृष्टी निर्माण केली नाही. पण लाखो लोकांना संघचालकाच्या खुर्चीत बसवून ती घरोघरी नेली.

२ जानेवारी २०२३ च्या रात्री बफेलो आणि सिनसिनाटी यांच्या सामन्यात दुसऱ्या वर्षाचा खेळाडू डमार हॅम्लिन एका धडकेनंतर मैदानावर कोसळला. त्याचे हृदय थांबले होते. मैदानातच छातीवर दाब देऊन त्याला परत आणावे लागले. तो आठवडा असंख्य फँटसी मंडळांच्या अंतिम सामन्याचा होता. सामना पुढे रद्द झाला. हजारो मंडळांत गुणफलक तिथेच गोठला आणि अनेकांनी विजेतेपद वाटून घेतले. हॅम्लिन वाचला, आणि पुढच्या मोसमात पुन्हा खेळला.

फळ्यावर नव्वद नावे लिहिलेल्या त्या दिवसापासून प्रश्न तोच आहे: पुढे काय होणार हे ठाऊक नसताना तरुण माणसावर किंमत लिहायची कशी? अभ्यासाने उत्तर थोडे सुधारते. क्रमांकातल्या बारीक फरकांवर पैसे उधळू नयेत, चार सामन्यांपेक्षा चार वर्षांकडे पाहावे, मोकळ्या जागेपेक्षा अंगच्या गुणांवर विसंबावे, आणि घेतल्यावर दिवाळीपर्यंत तरी धीर धरावा. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात खरे. पण ते कोणत्या वाटेने जातील, आणि वाटेत काय आडवे येईल, हे पाळण्यात दिसत नाही. ही मर्यादा मान्य करणारा मालक बहुधा जास्त जिंकतो. हरला तरी, नवखा फसला म्हणून त्या मुलाला शिव्या देत नाही.